तळटीप : रक्ताचा रिपोर्ट आणि उदासी

* मूळ मजकुरात रक्तावरून नैराश्य ‘पकडल्याचा’ उल्लेख आहे. तशी खात्रीची तपासणी अजून नाही. डॉक्टर टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन बघतात ते उदासीमागे थायरॉईड किंवा रक्तक्षय नाही ना, एवढ्यासाठी.

यकृतात तयार होणारं, दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन काही नैराश्यग्रस्तांत वाढलेलं आढळतं. पण ते ठणकत्या दाढेनंही वाढतं. २०१३च्या एका अमेरिकी चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध नैराश्यावर सरसकट उपयोगी पडलं नाही. सीआरपी जास्त असलेल्यांत मात्र फायद्याची चिन्हं दिसली. सीआरपीचा संबंध स्वभावाशीही जोडला जातो; पण शिस्तशीर स्वभावाच्या माणसांत सीआरपी सरासरीनं किंचित कमी, इतकंच. त्यावरून कुणाचा स्वभाव ओळखणं म्हणजे कुडमुडं ज्योतिषच!

नैराश्याचं निदान अजूनही बोलण्यातूनच होतं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक : १४४१६. – संपा.