जातीचा एक गुण

१९६४ साली दिल्लीहून एक लहानशी पुस्तिका निघाली. उदय पारीक आणि जी. त्रिवेदी या दोन अभ्यासकांनी ग्रामीण कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक दर्जा मोजण्यासाठी तयार केलेली ती मापनी होती. ज्यांनी समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांत एखादा प्रबंध चाळला असेल त्यांना ती ओळखीची असेल. बालकांचे कुपोषण असो, विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक असो, किशोरवयीनांचा आत्मसन्मान असो, ग्रामीण भागातला अभ्यास म्हटला की परिशिष्टात हीच मापनी अनेकदा सापडते. गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधांतही ती आहे. आपल्या विद्यापीठीय संशोधनाने खेड्यातल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले हे समजून घ्यायचे असेल तर मोठमोठे सिद्धान्त बाजूला ठेवून आधी ही मापनी वाचावी, असे माझे मत आहे.

मापनीत नऊ बाबी आहेत. जात, व्यवसाय, शिक्षण, सामाजिक सहभाग, जमीन, घर, शेतीची साधने, घरातल्या वस्तू आणि कुटुंबाचा प्रकार. प्रत्येक बाबीला गुण आहेत आणि पहिलीच बाब जात आहे. अनुसूचित जातीला १ गुण. तिच्या वरच्या 'खालच्या' जातींना २, कारागीर जातींना ३, शेतकरी जातींना ४, प्रतिष्ठित जातींना ५ आणि गावातल्या वर्चस्व असलेल्या जातीला ६. शिक्षणाच्या बाबीत निरक्षराला शून्य, प्राथमिक शिक्षण झालेल्याला ३, हायस्कूलपर्यंत शिकलेल्याला ५, पदवीधराला ६.

आता बेरीज करून पाहा. दलित माणूस हायस्कूलपर्यंत शिकला तर त्याचे १ आणि ५ मिळून ६ गुण होतात. गावच्या वर्चस्व असलेल्या जातीतल्या अक्षरशत्रू माणसाचे ६ आणि शून्य मिळूनही ६. म्हणजे हायस्कूलपर्यंतची सारी वर्षे, परगावी राहणे, फीसाठी कुणाच्या तरी दारात उभे राहणे, हे सगळे करून आमचा माणूस कुठे पोचतो, तर दुसरा माणूस जन्मतःच जिथे बसलेला आहे तिथे. हा हिशेब कुणा चळवळीच्या पत्रकातला नाही. शास्त्रीय म्हणून मान्यता पावलेल्या मापनीतला आहे.

याहून विलक्षण गोष्ट व्यवसायाच्या बाबीत आहे. तिथे मजुराला १ गुण आहे आणि 'जातीचा धंदा' करणाऱ्याला २. कुंभार, सुतार, लोहार यांच्यापुरते कदाचित ते ठीकही असेल. पण महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो? महारवाड्याने येसकरकी टाकली, मेलेली ढोरे ओढणे बंद केले, बलुत्याची भाकर नाकारली. बाबासाहेबांनी महारवतनाविरुद्धचे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले आणि ती कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. माझ्या आजोबांनी गावकी सोडली आणि ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. आमच्या घराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी. पारीक-त्रिवेदींच्या मापनीत मात्र आजोबांचा एक गुण कमी झाला! जातीच्या धंद्याचे २ गेले, मजुरीचा १ आला. ज्या कृतीने माणूस ताठ उभा राहिला तीच कृती शास्त्राच्या वहीत घसरण म्हणून नोंदली जाते.

मापनी करणाऱ्यांवर मी हेत्वारोप करीत नाही. त्यांनी गाव जसे होते तसे मोजले. गाव जातीला मान देत होते, म्हणून त्यांनी जातीला गुण दिले. जात नावाची वस्तू अस्तित्वातच नाही असे भासवणाऱ्या पांढरपेशा विद्वानांपेक्षा त्यांचा प्रामाणिकपणा मला अधिक वाटतो. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. नऊ बाबींची बेरीज होते, ४३ च्या वर गुण गेले की उच्च वर्ग, १३ च्या खाली आले की निम्न वर्ग, आणि या बेरजेत जात विरघळून जाते. मग प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष येतो की निम्न सामाजिक-आर्थिक दर्जाच्या मुलांचे वजन कमी आढळले, किंवा त्यांची संपादणूक कमी आढळली. सारखीच जमीन, सारखेच घर, सारखेच शिक्षण असलेल्या दोन कुटुंबांपैकी एक बौद्धवाड्यातले आणि दुसरे गावातले असेल, तर त्यांच्या मुलांत फरक पडतो का, हा प्रश्न त्या आकड्याला विचारताच येत नाही. जात मोजली गेली आणि मोजता मोजताच झाकली गेली.

शहरासाठी बी. कुप्पुस्वामी यांची मापनी आहे, १९७६ सालची. तिच्यात कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न एवढेच. जातीचे नावही नाही. जणू एस.टी.तून उतरताना माणूस आपली जात स्टँडवरच ठेवून येतो! वैद्यकीय महाविद्यालयांत ही मापनी सर्रास वापरतात. महागाईप्रमाणे तिच्यातले उत्पन्नाचे आकडे वरचेवर बदलले जातात, जातीचा रकाना मात्र तिच्यात कधी आला नाही.

मोजणीची ही विद्या विद्यापीठांत अचानक उगवली नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा नियम सांगितला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. त्याच विभागातल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ही मापे पुन्हा तपासली, तेव्हा संयुक्त प्रांताबाहेर हा नियम टिकत नाही असे दिसले. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ती मापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने वेगळे नाहीत हे त्यांच्याच आधारे दाखवले. ज्या फूटपट्टीने आम्हाला खाली ढकलले तीच फूटपट्टी त्यांनी उलटी धरली. ही वृत्ती आपल्या संशोधकांनी घ्यायला हवी होती.

पुढे नाकाच्या जागी बुद्धी आली. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातल्या राईस यांनी बिने चाचणीचे हिंदुस्थानी रूप १९२९ साली प्रसिद्ध केले. आपल्या भागात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी ती चाचणी बसवली आणि १९४० साली त्यांचे पुस्तक आले. 'कामत चाचणी' अगदी अलीकडेपर्यंत मुलांचा बुद्ध्यंक काढण्यासाठी दवाखान्यांत वापरली गेली. परक्या भाषेतली चाचणी आपल्या मुलांवर न लादता त्यांच्या भाषेत बसवणे हे कष्टाचे काम होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण भाषा मराठी केली म्हणजे ती तांड्यावरच्या, पाड्यावरच्या आणि महारवाड्यातल्या मुलाची भाषा झाली का? शब्दांचे अर्थ विचारणाऱ्या चाचणीत कोणाच्या घरातले शब्द विचारले जातात, हा प्रश्न गणिताचा नाही.

१९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली आणि सत्तरीच्या दशकात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले. पंधरा राज्यांतल्या शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेला सुमा चिटणीस यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. आमच्या पोरांची देशभरची नोंद घेणारे ते महत्त्वाचे काम. पण त्याच काळात मानसशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात 'वंचितता' या शब्दाची एक लाट आली आणि तिच्या मागून छोट्या छोट्या प्रबंधांचे पीक आले. विषय ठरलेले. दलित विद्यार्थ्यांचा न्यूनगंड. दलित विद्यार्थ्यांची आकांक्षा-पातळी. दलित विद्यार्थ्यांचे समायोजन. मी वसतिगृहात होतो तेव्हाही अशी एक प्रश्नावली आमच्या खोल्यांतून फिरली होती. 'तुम्हाला इतरांपेक्षा आपण कमी आहोत असे वाटते का?' नेहमी, कधीकधी, कधीच नाही. आमच्या खोलीतल्या चौघांनी 'कधीच नाही'वर खुणा केल्या आणि हसत सुटलो. प्रश्नावली घेऊन आलेल्या गृहस्थांनी आमच्या खोलीतले पाणी मात्र घेतले नाही. ते का घेतले नाही, हे विचारणारा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

माझा मुद्दा हाच आहे. आरोग्य, शिक्षण, मानसशास्त्र या तिन्ही शाखांतल्या प्रश्नावल्या आमच्याकडे तोंड करून उभ्या आहेत. मूल का शिकत नाही याचे उत्तर मुलाच्या घरात शोधायचे, आई लस का टोचून घेत नाही याचे उत्तर आईच्या अज्ञानात शोधायचे. वर्गात शिकवणारा, सुई टोचणारी आणि गुण देणारा यांना कोणी मोजत नाही.

आणि असे मोजण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असेही नाही. ती विद्यापीठाबाहेर होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी शिक्षकाकडे बोट दाखवले. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण का, शेतकरी वर्गातले प्रशिक्षित शिक्षक का नाहीत, आणि शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का जातो, हे त्यांनी विचारले. १९२८ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. कोणता वर्ग लोकसंख्येत कितवा आणि शिक्षणात कितवा, हे शेजारी शेजारी मांडून त्यांनी सरकारच्या धोरणाचा इतिहासच तपासला. अस्पृश्य मुलाचा न्यूनगंड त्यांनी मोजला नाही. सरकारची नियत मोजली.

ही दिशा विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या संशोधनात फार उशिरा आली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या जागतिक बँकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. २००४ साली तो मांडला गेला आणि २००६ साली अमेरिकन नियतकालिकात छापून आला. ३२१ वरच्या जातींची मुले, ३२१ खालच्या जातीची. काम एवढेच की कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायची. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग सहा-सहा मुलांच्या गटापुढे प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे व आजोबाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. लगेच खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच. बदलली होती ती खोलीतली हवा. ज्याला आपण वर्षानुवर्षे मुलाची कुवत म्हणत आलो त्यात खोलीचा वाटा किती, हे एका साध्या प्रयोगाने दाखवले. आणि आमच्या शाळांत शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत किती गुरुजींनी पाळली आहे, ते वाचकांनी आपापल्या आठवणीत पाहावे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या गीता नांबिसन यांनी २००९ साली राजस्थानातल्या दलित मुलांचा शाळेतला अनुभव लिहिला. त्याच विद्यापीठातल्या संघमित्रा आचार्य यांनी २०१० साली गुजरात आणि राजस्थानच्या १२ खेड्यांतल्या २०० दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते हे विचारले. औषध हातात दिले जाते की वरून टाकले जाते, नर्स घरात येते की उंबऱ्याबाहेरूनच बोलते, किती वेळ थांबते, हे प्रश्न त्या अभ्यासात आहेत. वाचताना मला वाटले, हे प्रश्न आमच्या आयांना कधीच ठाऊक होते. विद्यापीठाला ते सुचायला इतकी वर्षे का लागावीत? माझ्या मते याचे एक कारण असे की प्रश्न तयार करणाऱ्या टेबलाभोवती त्या आयांची लेकरे नव्हती. आता काही आहेत. पण त्यांच्याही हाती जुनीच मापनी दिली जाते, कारण ती 'प्रमाणित' आहे आणि परीक्षक तिलाच ओळखतो.

माझे आपल्या विद्यार्थी-शिक्षक मित्रांना सांगणे असे की मापनी वापरायची असेल तर जातीचे गुण बेरजेत घालू नका, ते वेगळे ठेवा आणि वेगळेच वाचा. कुणी जातीच्या रकान्यात 'बौद्ध' असे सांगितले तर 'आधीची कोणती?' असे विचारून त्याचा १९५६ चा निर्णय खोडू नका, सरकारी वर्गवारी हवी असल्यास तेवढीच विचारा. आणि प्रश्नावली भरून घेणारा कोण होता, कोणत्या जातीचा, त्याने ती कुठे बसून भरून घेतली, हेही प्रबंधात लिहा.

यंदा माझ्याकडे एक विद्यार्थिनी अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनांवर लहानसा प्रकल्प करीत आहे. तिची आई ऊसतोड करते. तिने आपल्या तक्त्यात वजनाशेजारी एक रकाना स्वतः घातला आहे, मुलाला उचलून वजनकाट्यावर कोणी ठेवले, सेविकेने की आईने? बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हा प्रश्न कोणत्या प्रमाणित मापनीतून घेतला असे विचारले. घेतलेला नाही, असे तिने सांगितले. रकाना तिने ठेवला आहे. दोन वस्त्या झाल्या आहेत, तीन उरल्या आहेत.