लग्न झालं? मग नोकरी संपली!

माझी एक मावशी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. लग्नानंतर वर्षभर ती मंगळसूत्र जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवून कामावर जायची. पुढे दिवस गेले आणि लपवण्यासारखं काही राहिलं नाही. लग्न झालं की नोकरी आपोआप संपली, असा तिथला नियम होता. त्या काळी त्यात कुणाला गैर वाटलं नाही, खुद्द मावशीलाही नाही.

पण मुंबईतच दुसऱ्या एका औषध कंपनीतल्या कामगारांना ते गैर वाटलं. बॉम्बे लेबर युनियनने अगदी अशाच नियमाविरुद्धचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. विवाहित बायका फार रजा घेतात आणि टोळीने करायच्या कामाचा खोळंबा होतो, असं मालकांचं म्हणणं होतं. १९६५ साली न्यायालयाने विचारलं, याला पुरावा काय? मुलांमुळे रजा पडतात म्हणावं, तर मुलं असलेल्या विधवेलाही त्या पडणारच, मग तिला का ठेवता? नियम रद्द झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा घटनेच्या १४१व्या कलमानुसार देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. तेव्हा प्रश्न कायमचा सुटला, असं वाटायला हरकत नव्हती.

तो सुटला नव्हता. आपल्यापैकी जी मंडळी सत्तरीच्या दशकात एअर इंडियाने इकडे आली, त्यांना हसतमुखाने नमस्कार करणाऱ्या त्या साडीतल्या हवाई सुंदरी आठवत असतील. त्यांच्या सेवाशर्ती मात्र आपल्याला कुठे ठाऊक होत्या! नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिल्यांदा दिवस गेले तरी गेली. यातून निभावलं तरी पस्तिशीला निवृत्ती. पुढे पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ मिळायची, पण तीही व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात तसंच काम करणारे पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होत.

नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे आलं आणि ऑगस्ट १९८१ मध्ये न्यायमूर्ती फजल अली यांनी निकाल दिला. गरोदर बाईला नोकरीवरून काढणं हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा शब्दांत त्यांनी तो नियम मोडीत काढला. मुदतवाढीची ती मर्जीही गेली.

आता आपल्या इथली गंमत ऐका. या निकालात न्यायमूर्तींनी आधार घेतला तो ओहायोमधल्या क्लीव्हलंडच्या शिक्षिकांचा! गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधीपासून बिनपगारी घरी बसावं, असा तिथल्या शाळा मंडळाचा नियम होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो घटनाबाह्य ठरवला. प्रत्येक गरोदर बाई कामाला असमर्थच असते, हे तिची तब्येत न पाहता कसं धरून चालता, असा त्यांचा सवाल होता. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण पटला तर घेता येतो. क्लीव्हलंडच्या एका वर्गात सुरू झालेलं भांडण सात वर्षांनी सांताक्रूझच्या विमानतळावरच्या मुलींच्या कामी आलं.

पण हा निकाल मला पूर्ण पटत नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. एकोणिसाव्या वर्षी लागलेली मुलगी तेविसाव्या वर्षी जाणती होते, शिवाय कुटुंबनियोजनालाही मदत होते, असं त्याचं कारण! तिसऱ्या गरोदरपणाला नोकरी संपवण्याचा नियम केलात तर चालेल, असंही सुचवलं. लोकसंख्येची काळजी वाहायची ती हवाई सुंदरींनीच, पर्सरसाहेबांनी नाही. स्त्री आणि पुरुष कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग आहेत, त्यांची तुलनाच होत नाही, हेही त्याच निकालातलं. या वाक्याने पुढे बराच त्रास दिला. हवाई सुंदरींनी पन्नाशीनंतर उड्डाण करायचं नाही, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८१च्या निकालाच्या आधाराने तो पुन्हा उचलून धरला. जो दाखला १९८१मध्ये ढाल झाला होता, तोच बावीस वर्षांनी त्यांच्यावर उलटला.

लग्नाची गोष्ट तर त्यानंतरही संपली नाही. सैन्याच्या परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईंना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून सेवेतून कमी केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधे छत्तीस वर्षं गेली.

ही बातमी मी फोनवर मावशीला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मला त्यांनी त्या महिन्याचे अकरा दिवस कापून दिले होते रे."