मोठेपणीही अंधाराची भीती वाटते? फोबिया म्हणजे काय आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, समजून घ्या

घरचे गावाला गेले की रात्रभर टीव्ही चालू ठेवून झोपणारे, वीज गेली की आधी मोबाइलचा टॉर्च शोधणारे, मध्यरात्री बाथरूमला जायची वेळ आली तरी सकाळपर्यंत कळ काढणारे लोक आपल्या आजूबाजूला असतात. वय असतं तीस, चाळीस, कधी पन्नाससुद्धा. पण ते हे कुणाला सांगत नाहीत. "एवढा मोठा झालास आणि अंधाराला घाबरतोस?" हे वाक्य त्यांना ऐकायचं नसतं.

ही लाज उपचारांच्या आड येते. खरं तर मानसिक त्रासांमध्ये फोबिया हा उपचारांना चांगला दाद देणारा प्रकार आहे.

साधी भीती की फोबिया?

अंधारात थोडं बिचकणं नैसर्गिक आहे. डोळ्यांना काही दिसत नाही, त्यामुळे मेंदू जास्त सावध होतो आणि बारीकशा आवाजानेही आपण दचकतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं जास्त कठीण वाटतात.

फोबिया कधी म्हणायचा, याच्या काही खुणा आहेत. भीती प्रत्यक्ष धोक्यापेक्षा खूप मोठी असते. ती गोष्ट समोर आली की जवळजवळ दरवेळी वाटते. माणूस ती गोष्ट टाळू लागतो आणि त्यामुळे झोप, नोकरी, प्रवास किंवा नातेसंबंधांवर परिणाम होतो. हे साधारण ६ महिने किंवा त्याहून जास्त काळ चालू असेल, तर तज्ज्ञ त्याला फोबिया मानतात.

अंधाराच्या फोबियाला 'निक्टोफोबिया' म्हणतात. याशिवाय कुत्रा, साप, पाल, झुरळ अशा प्राण्यांची, उंचीची, पाण्याची, लिफ्टची, विमानाची, रक्ताची किंवा सुईची भीतीही याच गटात येते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवे नसलेल्या सुनसान रस्त्यावरून रात्री एकटीने जाताना भीती वाटणं म्हणजे फोबिया नव्हे, ती सावधगिरी आहे. तसंच अंधुक उजेडात इतरांपेक्षा खूपच कमी दिसत असेल, तर रातांधळेपणा नाही ना, हे आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या.

भीती वर्षानुवर्षं टिकते कशी?

लहानपणी दाखवलेला बागुलबुवा, एखादा वाईट प्रसंग, घरातलं दुसरं कुणी घाबरताना पाहणं, अशा अनेक गोष्टींतून भीती सुरू होऊ शकते. कधी कारण सापडतही नाही. पण ती टिकवण्याचं काम मुख्यतः आपली टाळाटाळ करते.

समजा, खोलीत अंधार झाला, छाती धडधडली आणि तुम्ही पटकन दिवा लावला. लगेच हायसं वाटलं. यातून मेंदू एवढंच शिकतो, की दिवा लावला म्हणून वाचलो. दिवा लावला नसता तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

उपचार कोणता?

भीतीला थोडं थोडं, ठरवून सामोरं जाणं हा सर्वात परिणामकारक मार्ग मानला जातो. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. त्याला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला गेला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी या विचाराला पद्धतशीर उपचाराचं रूप दिलं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी तर ठरावीक गोष्टीच्या फोबियासाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीची पद्धत तयार केली.

घरी सुरुवात कशी कराल?

भीती सौम्य असेल तर पायऱ्या लिहून काढा आणि प्रत्येकीला ० ते १० गुण द्या. उदाहरणार्थ:

१. घरचं माणूस सोबत असताना मंद दिव्यात १० मिनिटं बसणं
२. मंद दिव्यात एकट्याने बसणं
३. दिवा बंद, पण दार अर्धं उघडं
४. दिवा बंद, दारही बंद, ५ मिनिटं
५. हाच वेळ वाढवत नेणं
६. रात्रभर अंधारात झोपणं

सर्वात सोप्या पायरीपासून सुरू करा आणि आठवड्यातून बऱ्याचदा करा. भीती वाढली की लगेच पळू नका, ठरलेला वेळ पूर्ण करा. मोबाइल हातात ठेवू नका, नाहीतर भरवसा मोबाइलवरच राहतो. सुरू करण्याआधी 'काय होईल असं वाटतंय' ते लिहा आणि नंतर 'काय झालं' ते लिहा. या दोन ओळींमधला फरक तुम्हाला खूप काही शिकवेल. एक पायरी सोपी वाटू लागली की पुढची घ्या.

दारू पिऊन किंवा मनाने झोपेच्या गोळ्या घेऊन अंधार सहन करू नका. त्याने भीती जात नाही, सवय मात्र लागू शकते.

रक्त आणि सुईच्या भीतीत एक फरक

इतर फोबियांत रक्तदाब वाढतो. रक्त किंवा सुईच्या फोबियात मात्र तो आधी वाढून मग एकदम खाली येतो आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. अशा वेळी अंग सैल सोडणं उपयोगाचं नाही. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा, २० ते ३० सेकंद सोडा, असं पाच वेळा करा. इन्सुलिन किंवा रक्ततपासणी टाळणाऱ्यांनी ही युक्ती डॉक्टरांना विचारून जरूर शिकावी.

घरच्यांनी काय करावं?

गंमत म्हणून अचानक दिवा बंद करू नका, चारचौघांत चिडवू नका. पण दरवेळी सोबतही जाऊ नका. "आज कुठली पायरी आहे?" एवढं विचारलं तरी आधार वाटतो.

मदत कधी घ्याल?

झोप सतत उडत असेल, कामावर परिणाम होत असेल, पॅनिक अटॅक येत असतील किंवा अपघात, अत्याचार अशा प्रसंगानंतर अंधाराची भीती सुरू झाली असेल, तर घरी प्रयोग न करता मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करताना काय सांगायचं, असा प्रश्न पडला तर "मला अंधाराची भीती वाटते", एवढंच सांगा. सुरुवातीला तेवढं पुरतं.