बॅनरवरचा भगवा लालसर का उतरतो? डिजिटल प्रिंटिंगमध्ये नेमका रंग मिळवायचा कसा

गणेशोत्सव असो, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो की कुणाची श्रद्धांजली, बॅनर लागतोच. आणि बॅनर उलगडला की तक्रारही ठरलेली : "मोबाईलवर असा दिसत नव्हता." मंडळाचा भगवा विटकरी होतो, दुकानाच्या बोर्डावरचा निळा जांभळट येतो, फोटोतला चेहरा तांबडा दिसतो. मग पुन्हा छापायचं म्हटलं की त्याचे पैसे कोणी सोसायचे, यावरून वाद. खापर बहुतेक वेळा मशीनवर फुटतं. पण मशीन सांगितलेलं तेवढंच करतं. चूक फाइलपासून मीडियापर्यंतच्या साखळीत आधीच शिरलेली असते. डोळ्याच्या अंदाजावर सोडलेला रंग दरवेळी वेगळा येतो. आकड्यांत ठरवलेला आणि त्याच मीडियावर तपासलेला रंग पुन्हा तसाच मिळतो.

स्क्रीनचा रंग वेगळा, शाईचा वेगळा

मोबाईल आणि मॉनिटर लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांतून रंग दाखवतात. याला आरजीबी म्हणतात. फ्लेक्स मशीन सायन (आकाशी), मजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतं. हे सीएमवायके. पडद्यावर झळाळणारा नारंगी, पोपटी किंवा गडद निळा या चार शायांत पूर्ण उतरतच नाही. मशीन त्यातल्या त्यात जवळचा रंग देतं. काही महागड्या मशीनमध्ये नारंगी आणि हिरव्या शाईची जादा सोय असते, ती त्यासाठीच.

त्यात फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली की ती दाबून लहान केलेली असते. रंगाच्या कडा फुटतात, बारीक छटा जातात. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते.

भगवाच जास्त का फसतो

भगवा म्हणजे पूर्ण पिवळ्यावर अर्ध्याहून थोडा जास्त मजेंटा. साधारण पिवळा 100 आणि मजेंटा 60 धरला, तर मजेंटा 70 कडे सरकताच रंग लालसर होतो आणि 50 वर आला की हळदीकडे झुकतो. निळ्यात एवढा फरक खपून जातो, भगव्यात तो लगेच डोळ्यात भरतो. त्यात चुकून थोडा सायन किंवा काळा मिसळला की रंग मळतो. राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताकांतला पिवळाही असाच मळका होतो.

दुसरं कारण छपाईच्या दिशेचं. घाईच्या कामात हेड जाताना आणि येताना, दोन्ही वेळा छापतं. जाताना मजेंटा आधी पडत असेल तर येताना पिवळा आधी पडतो. थरांचा क्रम उलटला की छटा किंचित बदलते आणि मोठ्या भगव्या पार्श्वभूमीवर आडवे पट्टे दिसतात. अशा कामाला एकाच दिशेने आणि जास्त पासमध्ये छापणं बरं. वेळ जास्त जातो, पण रंग सलग येतो.

मीडिया बदलला की हिशेब बदलला

फ्लेक्स, विनाइल, वन वे व्हिजन, कापड, कॅनव्हास, प्रत्येकाचा पांढरा वेगळा. एका रोलचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा पिवळसर असतो, आणि शाई त्या पांढऱ्यावरच दिसते. कर्नाटकात 2016 च्या अधिसूचनेने प्लास्टिक फ्लेक्स आणि बॅनरवर बंदी घातली. त्यामुळे कापडी बॅनरकडे वळणाऱ्या दुकानांना हा फरक चांगलाच जाणवतो. फ्लेक्ससाठी जमवलेली सेटिंग कापडावर तशीच वापरली तर शाई आत शोषली जाते आणि रंग फिका, मंद येतो. कंपनी तीच ठेवून नुसता रोलचा दर्जा बदलला तरीही एक चाचणी प्रिंट काढावी.

आधी मशीन, मग रंग

मजेंटाचे चार नोझल बंद असतील तर जगातलं कुठलंही प्रोफाइल भगवा देणार नाही. म्हणून रोज सकाळी नोझल चेक, हेडची सफाई आणि मीडियाच्या फीडची जुळणी या तीन गोष्टी आधी. शाईचा पातळपणा तापमानावर अवलंबून असतो. बेळगावच्या ऐन पावसाळ्यात, म्हणजे गणपतीच्या कामांच्या गर्दीतच, खोली गार आणि दमट असते. शाई सावकाश सुकते, रंग चढउतार दाखवतो. हीटर तापायला वेळ द्यावा आणि खोलीचं तापमान शक्यतो एकसारखं ठेवावं. एका कामाच्या मध्येच दुसऱ्या कंपनीची शाई भरू नये.

रिप आणि प्रोफाइल

कोरल किंवा फोटोशॉपमधली फाइल मशीनला समजेल अशा थेंबांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला रिप म्हणतात. फोटोप्रिंट आणि मेनटॉप ही इथली ओळखीची नावं. रंगाचा खरा निर्णय इथेच होतो. त्याचे टप्पे असे :

- शाईची मर्यादा : चारही शाया पूर्ण सोडल्या तर बेरीज 400 टक्के होते. एवढी शाई बहुतेक मीडिया झेलत नाही. ती ओघळते, चिकटते. शाई पचेल तिथे मर्यादा घालावी.
- लिनिअरायझेशन : प्रत्येक शाईच्या 0 ते 100 पायऱ्या छापून मोजायच्या, म्हणजे 50 सांगितलं की खरोखर निम्माच रंग पडतो.
- आयसीसी प्रोफाइल : शेकडो रंगचौकोनांचा तक्ता छापून, सुकवून स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात. त्यावरून 'या मशीनवर, या शाईने, या मीडियावर कोणता आकडा कसा दिसतो' याची फाइल तयार होते. ही पद्धत ठरवणारी आयसीसी संस्था 1993 साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक वगैरे कंपन्यांनी मिळून उभी केली.

प्रोफाइल एका मीडियाचं आणि एका रिझोल्यूशनचं असतं. फ्लेक्सचं प्रोफाइल विनाइलला लावलं तर ते नसल्यासारखंच. रंगातला फरक 'डेल्टा ई' या आकड्यात मोजतात. साधारण 1 च्या आतला फरक डोळ्याला कळत नाही. 2-3 चालून जातो. 5 च्या वर गेला की गिऱ्हाईक बोलतंच.

उपकरण नसेल तर

स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक दुकानाला परवडत नाही. काही वेळा शाई किंवा मशीन देणाऱ्याचा माणूस प्रोफाइल करून देतो. ते मागून घ्यावं. तेही नसेल तर साधा उपाय आहे. पिवळा 100 ठेवून मजेंटा 45, 50, 55 असं 75 पर्यंत वाढवत चौकोन छापायचे आणि प्रत्येकाखाली आकडा लिहायचा. लाल, निळा, हिरवा यांचेही असेच तक्ते करायचे. प्रत्येक मीडियाचा तक्ता वेगळा. पुरता सुकल्यावर तो भिंतीला लावावा. गिऱ्हाइकाने बोट ठेवलं तो आकडा फाइलमध्ये घालायचा. मात्र तक्ता छापताना रिपमध्ये जी सेटिंग होती, तीच कामालाही हवी. नाहीतर तक्त्याला अर्थ राहत नाही.

कुठल्या उजेडात पाहायचं

ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. छपाई व्यवसायात रंग पाहायला 5000 केल्विनचा प्रमाण उजेड धरतात. तो नसेल तर दिवसा दारात, थेट ऊन न पडणाऱ्या जागी पाहावं. ग्लो साइन बोर्डाचं बॅकलिट प्रिंट मात्र मागून दिवा लावूनच तपासावं, कारण समोरून भरगच्च वाटणारा रंग दिवा लागताच फिका पडतो. अशा कामाला शाई जास्त सोडावी लागते. लॅमिनेशननेही रंग थोडा गडद होतो, तोही हिशेबात धरावा.

उन्हात पिवळा आणि मजेंटा सहसा आधी उडतात, सायन आणि काळा टिकतात. जुने बॅनर निळे पडलेले दिसतात ते यामुळेच. वर्षभर लावायच्या भगव्या बोर्डाला चांगली शाई आणि लॅमिनेशनचा खर्च टाळू नये.

ऑर्डर देताना एवढं ठरवा

- लोगो असल्यास मूळ व्हेक्टर फाइल द्या, स्क्रीनशॉट नको.
- मोबाईलवर रंग दाखवण्याऐवजी दुकानातल्या तक्त्यावरचा आकडा निवडा आणि तो बिलावर लिहून घ्या.
- मोठ्या कामाआधी त्याच मीडियावर एक-दोन फुटांचा तुकडा छापून घ्या, सुकल्यावर पाहा आणि त्यावर दोघांनी सह्या करा.
- पुढच्या वर्षीसाठी तो तुकडा जपून ठेवा. मीडियाचं नाव, पासची संख्या आणि तारीख मागे लिहा.

सही झालेल्या तुकड्याशी प्रिंट जुळलं नाही तर दुकानदाराने बदलून द्यावं. जुळलं तर गिऱ्हाइकाने पैसे चुकते करावेत. एवढं आधीच ठरलं की वादाला फारशी जागा उरत नाही.