प्रायश्चित्त

७. प्रायश्चित्त : धर्मशास्त्रात या शब्दाची फोड ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच विषयाचा. मनुस्मृतीही तपाबरोबर पापाची जाहीर कबुली आणि पश्चात्ताप सांगते. व्यवहारात मात्र विधीच उरला. पुण्यात १८९० साली ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले आणि न्या. रानडे, लो. टिळक यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या चहाने दुखावलेले माणूस कुठेच नव्हते.

मूळ मजकुरात हा शब्द हुपरीच्या चांदी कारागिराच्या तोंडी आहे, आणि त्याचा अर्थ भट्टीपाशी घडलेला आहे. पैंजणाला डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, हीण जास्त पडले की टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, उतरतो. मग वरून कितीही चकाकी आणली तरी तो चढत नाही. पैंजण मोडून चांदी पुन्हा मुशीत घालावी लागते, हीण वेगळे काढावे लागते. म्हणून इथे अर्थ असा घ्यावा : ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर चूक कबूल करणे, तूट भरून देणे आणि पुन्हा तसे न वागणे. – संपा.