घोडा किती, दाणा किती?

वाचकहो, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला वसलेल्या एखाद्या गावात पावसाळा सरता सरता कधी गेला आहात काय? बांध्यांमध्ये धान निसवायला आलेला असतो. नेमका याच वेळी पाऊस दडी मारतो. पंधरा दिवस असे कोरडे गेले, की वर्षाचे कष्ट पाण्यात नव्हे, पाण्यावाचून जातात. मग बंडीवर इंजिन लादून बोडीच्या पाळीवर आणतात, हँडल फिरवतात, आणि फट्-फट्-फट् असा आवाज सुरू होतो.

‘पाच घोड्यांचे इंजिन आहे,’ असे मालक मोठ्या ऐटीने सांगतो. आपण मानही डोलावतो. पण घरच्या बैलजोडीला पेंढ किती लागते हे ज्याला चोख ठाऊक असते, तोच शेतकरी या लोखंडी घोड्याला दाणा किती लागतो, आणि तो खरोखर किती ओढतो, हे मात्र सहसा विचारीत नाही. हा प्रश्न प्रथम कुणी विचारला आणि त्याचे उत्तर कसे सापडले, त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

झिरा म्हणजे पाण्याचा पाझर. नागझिऱ्याच्या नावातच पाणी आहे. १९७० साली हे अरण्य अभयारण्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. या भागातील तलाव कोहळी समाजाच्या कसबाची साक्ष देतात. उताराची पारख अशी, की तलावाचे पाणी आपल्या पायांनी चालत बांधीत जाई. त्याला इंधन लागत नसे, म्हणून इंधनाचा हिशेबही नव्हता. पाणी उताराच्या उलट, वर चढवायचे म्हटले, की मात्र कुणाला तरी दाणा घालावा लागतो.

असाच प्रसंग इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणमालकांवर आला होता. खाणीत पाणी भरे, ते उपसायला वाफेची इंजिने लावलेली, आणि कोळसा दुरून आणावा लागे. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी सौदा मोठा चतुर केला. जुन्या इंजिनाच्या मानाने आमच्या इंजिनाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या! आता वाचले किती हे ठरवायचे, तर मोजणे आलेच. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, हे माप वॉटनेच रूढ केले. पुढे १८११ पासून कॉर्नवॉलमधील इंजिनांचा तक्ता दरमहा छापला जाऊ लागला. कोणत्या इंजिनाने ठरावीक मापाच्या कोळशात किती पाणी वर काढले, हे सर्वांना दिसे. आपले इंजिन तळाला आहे हे चारचौघांत कळल्यावर कोण स्वस्थ बसेल? काही दशकांत तिथल्या उत्तम इंजिनांचे काम कित्येक पटींनी वाढले.

पोटातच इंधन जाळणारे इंजिन आले ते यानंतर. १८६० साली लेन्वार याने पॅरिसमध्ये गॅसवर चालणारे इंजिन केले. ते चाले झकास, पण खाई फार. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो आणि लांगेन या जर्मन जोडीने आपले इंजिन मांडले. दिसायला ओबडधोबड, आवाजाने कान किटावेत असे. परंतु परीक्षकांनी गॅस मोजला, तेव्हा तेवढ्याच कामाला ते लेन्वारच्या निम्म्याहूनही कमी गॅस घेत होते. सुवर्णपदक त्यालाच मिळाले. रूपाला नव्हे, मापाला बक्षीस मिळाले म्हणा ना!

त्याहून मोठी परीक्षा १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबर्ग येथे झाली. रुडॉल्फ डिझेल याने स्वतःच्या इंजिनाची स्तुती स्वतः केली नाही. म्युनिकचे प्राध्यापक श्र्योटर यांना परीक्षेस बोलावले. इंजिनाची शक्ती सुमारे अठरा अश्वशक्ती भरली, आणि एका अश्वशक्तीला तासाला २३८ ग्रॅम तेल लागले. म्हणजे इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी आली. वाफेची इंजिने तेव्हा याच्या जवळपासही नव्हती. या एका आकड्याने डिझेलचे नाव जगभर गेले.

आता म्हणाल, शक्ती मोजतात तरी कशी? युक्ती सोपी आहे. फ्रान्सच्या प्रोनी याने १८२१ च्या सुमारास ती काढली. इंजिनाच्या चाकाला लाकडी ठोकळ्यांची पकड घालायची, तिला एक लांब दांडा जोडायचा, आणि दांड्याचे टोक काट्यावर टेकवायचे. पकड आवळली की चाक दांड्याला आपल्याबरोबर फिरवू पाहते. काटा त्याला अडवतो आणि जोर किती ते सांगतो. दांडा ७१६ मिलिमीटर लांब घेतला, तर हिशेब तोंडी होतो. काट्यावरचे किलो गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले हजार, की झाली अश्वशक्ती. दीड हजार फेऱ्यांना काट्यावर सव्वातीन किलोंहून थोडे अधिक वजन दिसले, तर घोडे पाचच आहेत, खोटे नाही. आजच्या प्रयोगशाळांत पाण्याचे किंवा विजेचे ब्रेक असतात, तत्त्व तेच.

महाराष्ट्रात या मापाला विशेष महत्त्व आले. आपल्याकडे प्रथम आली ती लिस्टर, रस्टन, पेटर अशी विलायती इंजिने. साताऱ्याला सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने करावयास घेतली. लोखंडी नांगरापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात खास ऑईल इंजिनांचा कारखाना काढला. देशी मालाकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्यांना भाषणाने उत्तर देता येत नव्हते, चाचणीच्या आकड्यानेच देता येत होते. १९६० मध्ये भारतीय मानक संस्थेने अशा इंजिनांच्या परीक्षेचे नियमच घालून दिले. इंजिनाने नेमलेला भार तर ओढावाच, शिवाय तासभर दहा टक्के जास्तही ओढून दाखवावा! पुढे १९६६ साली पुण्यात मोटारींच्या संशोधनाची ‘एआरएआय’ ही संस्था उभी राहिली, आणि गाड्यांची परीक्षाही आपल्याच भूमीवर होऊ लागली.

परंतु कारखान्यातली परीक्षा आणि बोडीवरची परीक्षा यांत अंतर असते, आणि शेतकऱ्याचा खिसा रिकामा होतो तो या अंतरात. ते अंतर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक घड्याळ, एक मापाची बाटली आणि २०० लिटरचे एक पिंप पुरे.

टाकीऐवजी बाटलीतून इंजिनाला १०० मिलिलिटर डिझेल पाजा. पाच मिनिटे पुरले, तर तासाला १२०० मिलिलिटर झाले, म्हणजे सुमारे एक किलो. पूर्ण भारावरच्या पाच घोड्यांना हा खुराक वाजवी आहे. आता पिंप भरा. आठ सेकंदांत भरले, तर सेकंदाला २५ लिटर पाणी आले. बोडीतील पाण्यापासून नळाच्या तोंडापर्यंत चढ पाच मीटर असेल, तर २५ गुणिले ५, भागिले ७५. उत्तर आले एक पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे खुराक पाच घोड्यांचा, आणि बांधीत पोहोचले पावणेदोन घोडेसुद्धा नाहीत!

मग बाकीचे घोडे गेले कुठे? लगेच इंजिनावर आळ घेऊ नका. चांगल्या पंपातही काही शक्ती मुरतेच. निम्मी पाण्याला मिळाली तरी ठीक म्हणावे. पण अरुंद पाईप, नको तितकी वळणे, पाण्याला अडवणारा फूट व्हॉल्व्ह, झिजलेला पंप, सैल पट्टा, हे सारे वाटेतले चोर आहेत. धूर काळा येत असेल, तर नोझल आणि एअर फिल्टर पाहा. शिवाय कामाच्या मानाने इंजिन फार मोठे घेतले, तरी तोटाच. रिकामा चालणारा घोडाही दाणा खातोच.

आता गावोगाव विजेचे आणि सौर पंप आले आहेत. तरी वीज नसते त्या रात्री, ऊन नसते त्या दिवशी, डिझेलचे इंजिन अजून पुष्कळांच्या मदतीला येते. आणि पंप कोणताही असो, पिंपाची परीक्षा तीच राहते.

धान विकताना ‘मापात पाप नको’ असे आपण व्यापाऱ्याला बजावतो. डिझेल जाळतानाही तेवढेच म्हणू या. येत्या हंगामात इंजिन बंडीवर चढवाल, तेव्हा एक रिकामे पिंप आणि मनगटावरचे घड्याळ विसरू नका. घोडे किती ते पाटीवर लिहिलेले असते. दाणा किती आणि पाणी किती, हे आपले आपणच मोजून घ्यायचे असते.