तीनशे हाडांचा हिशेब

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात आज २०६ हाडे मोजतात. सुश्रुतसंहिता ३०० सांगते.

हा आकडा कल्पनेतला नाही. सुश्रुताने शवाच्या अभ्यासाची रीतच घालून दिली आहे. प्रेत गवतात किंवा सालीत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचे, वाहत्या पाण्यात एकांत जागी सात रात्री कुजू द्यायचे आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक अवयव डोळ्यांनी पाहायचा. त्यातून त्याने हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे नाक-कानांतली कूर्चा. आज या दोन्हींना हाडांत धरत नाहीत; आकडा फुगण्याचे एक कारण तेच. १९०७ साली रुडॉल्फ हर्न्ले यांनी ही प्राचीन अस्थिगणना बारकाईने तपासून ग्रंथरूपात मांडली.

हाडाच्या आत डोकावायला मात्र सूक्ष्मदर्शक यावा लागला. लंडनच्या क्लॉप्टन हॅव्हर्सने १६९१ मध्ये हाडातल्या बारीक नलिकांचे वर्णन केले. पुढे त्यांतून रक्तवाहिन्या जातात हे स्पष्ट झाले. त्या नलिकांना आजही त्याचेच नाव आहे.

कूर्चेची पाळी १७४३ मध्ये आली. विल्यम हंटरने सांध्यातल्या कूर्चेचे तंतू मखमलीच्या लवीसारखे उभे असतात असे मांडले. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हेही त्याने नोंदवले. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे मोडलेले हाड सांधते, पण झिजलेला गुडघा पूर्ववत होत नाही.